एका बोल्टाची साक्ष : जुनी जीप ‘अस्सल’ म्हणजे नेमकी काय?

१/
१९४३ सालची एखादी लष्करी जीप प्रदर्शनात उभी राहते. रंग नवा, आसनांचे कापड नवे, डॅशबोर्डवरच्या पाट्या झळझळीत. शेजारी फलक असतो : ‘शंभर टक्के ओरिजिनल’. गर्दी छायाचित्रे काढते. त्याच गाडीचे मूळ नट-बोल्ट, क्लिपा, कंस आणि वॉशर मात्र कधीच गोणीत भरून भंगारवाल्याकडे गेलेले असतात. हा धागा त्या गोणीबद्दल आहे.

२/
गडाच्या तटबंदीला सिमेंट फासले, देवळाच्या कोरीव खांबांवर ऑइलपेंट चढवला, की इतिहासप्रेमी तरुण खवळून उठतात, आणि ते योग्यच आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली पुरावा पुसला जातो, हे त्यांना कळते. पण तोच प्रकार जुन्या मोटारीच्या बाबतीत घडला की त्याला टाळ्या मिळतात. मोटार हीसुद्धा इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट अजून पुरेशी रुजलेली नाही.

३/
मराठी इतिहाससंशोधनाने कागदांसाठी तीन शब्द फार पूर्वीच पक्के केले. ‘अस्सल’ म्हणजे मूळ कागद. ‘तालीक’ म्हणजे त्याची प्रामाणिक नक्कल. ‘बनावट’ म्हणजे अस्सल असल्याचा आव आणणारा कागद. तालीक असणे हा दोष नव्हे. अनेक अस्सल पत्रे नष्ट झाली आणि त्यांचा मजकूर तालिकेमुळेच वाचला. दोष आहे तो तालिकेला अस्सल म्हणून पुढे करण्यात. जुन्या मोटारींच्या जगाला हे तीन शब्द जसेच्या तसे लागू पडतात.

४/
हे तपासायला दुसऱ्या महायुद्धातील जीपइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने एका हलक्या टेहळणी-गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. बँटम या छोट्या कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना सैन्याच्या हवाली केला. त्यामागून विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांचे नमुने आले. जुलै १९४१ मध्ये प्रमाणित गाडीचे मोठे कंत्राट विलिसला मिळाले.

५/
एका कारखान्यावर विसंबणे सैन्याला परवडणारे नव्हते. म्हणून नोव्हेंबर १९४१ मध्ये विलिसच्याच आराखड्यांवरून तीच गाडी बनवण्याचे कंत्राट फोर्डला देण्यात आले. विलिसच्या गाडीचे नाव ‘एमबी’, फोर्डच्या गाडीचे ‘जीपीडब्ल्यू’. यातले ‘जी’ सरकारी गाडीसाठी, ‘पी’ हे ८० इंची चाकांतराचे सांकेतिक अक्षर, आणि ‘डब्ल्यू’ विलिसच्या रचनेसाठी. प्रतिस्पर्ध्याच्या नावाचे आद्याक्षर फोर्डच्या गाडीच्या नावातच आहे.

६/
युद्ध संपेपर्यंत विलिसने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार गाड्या बनवल्या. सैन्याची अट स्पष्ट होती : एका गाडीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी, हा त्यामागचा हेतू. म्हणजे भागांची अदलाबदल हा या गाडीचा अपघाती दोष नव्हता, तो तिच्या रचनेचा पाया होता. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात लक्षात ठेवावी लागते.

७/
दोन गाड्या इतक्या सारख्या असतील तर ओळखायच्या कशा? काही फरक मोठे आहेत. सांगाड्याचा पुढचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा आहे, तर फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराचा. विलिसचा चेसिस-क्रमांक पुढच्या बंपरमागे, डाव्या दांड्याच्या आतल्या बाजूला, छोट्या पाटीवर असतो. फोर्डने तो डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठावर ठोकून उमटवला. आरंभीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचे नावही उठवलेले असे. १९४२ मध्येच ती प्रथा बंद झाली.

८/
खरी गंमत मात्र लहान भागांत आहे. फोर्डने आपल्या कारखान्यातील असंख्य भागांवर स्वतःच्या सहीच्या वळणाचा ‘एफ’ उमटवला. पेडल, कंस, हुक, बिजागऱ्या, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा. मोडी पत्राच्या अखेरीस जसे मोर्तब असते, तसा हा ‘एफ’. आठ दशकांनंतर चिखल, ग्रीस आणि रंगाचे पाच-सात थर खरवडल्यावर नखाएवढ्या जागेत तो दिसतो, आणि बोल्ट कोणत्या कंपनीचा ते कळते.

९/
पण तो ‘एफ’ नेमके काय सिद्ध करतो? इथेच पहिली चूक होते. ‘एफ’ दिसला म्हणजे गाडी फोर्डची, असे घाईने ठरवले जाते. वास्तविक त्या ठशाने एवढेच सिद्ध होते की तो बोल्ट फोर्डचा आहे. गाडी विलिसची असू शकते, आणि १९४४ साली एखाद्या लष्करी कर्मशाळेत हाताला आला तो बोल्ट तिथे बसवला गेलेला असू शकतो. एका पत्रावरून घराण्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. एका बोल्टावरून गाडीची जात ठरवणे तितकेच उतावळेपणाचे आहे.

१०/
दुसरी चूक याच्या उलट. ‘एफ’ नाही म्हणून भाग ‘नकली’ ठरवला जातो आणि फेकला जातो. परंतु दोन्ही कंपन्या अनेक भाग बाहेरून विकत घेत. कार्ब्युरेटर कार्टरचा, विजेची बरीचशी सामग्री ऑटो-लाइटची. या भागांवर त्या-त्या पुरवठादाराचे ठसे असणार. पुढे १९४४ च्या सुमारास तर दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांची बॉडी अमेरिकन सेंट्रल या एकाच तिसऱ्या कंपनीकडून येऊ लागली. अशा बॉडीवर पावलोपावली ‘एफ’ शोधणारा माणूस अस्तित्वातच नसलेला पुरावा शोधत असतो.

११/
तिसरी चूक सर्वांत लोकप्रिय : ‘इंजिन आणि चेसिसचे नंबर जुळतात, म्हणजे गाडी अस्सल.’ फोर्डच्या बाबतीत हे ठीक आहे, कारण फोर्डने इंजिनावर आणि चेसिसवर एकच क्रमांक उमटवला. विलिसमध्ये इंजिन आणि चेसिस यांच्या क्रमांकांच्या मालिका वेगळ्या होत्या. त्यामुळे विलिसच्या गाडीवर दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळत असतील तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. कोणीतरी ते नंतर जुळवलेले असण्याची शक्यता अधिक.

१२/
चौथी चूक डॅशबोर्डवरच्या पाट्यांची. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावरील पाटीवर गाडीचा क्रमांक आणि सैन्याकडे सुपूर्त झाल्याची तारीख असे. प्रेक्षक सर्वप्रथम तीच वाचतात. पण हीच पाटी आज कोरी मिळते, हवा तो क्रमांक आणि हवी ती तारीख टाकून. सर्वांत सुवाच्य पुरावा हाच सर्वांत सहज बनवता येणारा पुरावा असतो, हे बनावट सनदा पाहिलेल्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही.

१३/
आणि आता बाजारात ‘एफ’ उमटवलेले नवे बोल्टही मिळतात. नव्या पोलादाचे, नव्या मुलाम्याचे, जुन्या सहीचे. संच घ्यावा आणि गाडीभर बसवावा. काही वर्षांत त्यांवर थोडा गंज चढेल, रंगाचे दोन थर बसतील, आणि मग पुढच्या पिढीतील निष्णात अभ्यासकालाही ते ओळखणे जड जाईल. विलिसच्या सांगाड्यावर असे बोल्ट चढवून गाडी फोर्डची म्हणून विकणे ही फसवणूक आहे. कोणालाही न विकता, केवळ हौसेपोटी, काही न सांगता ते बसवणे हेही पुराव्यात भेसळ करणेच आहे.

१४/
यावर उत्तर येते : ‘मग काय गंजलेले बोल्ट वापरून मरायचे?’ मुळीच नाही. ब्रेक, स्टिअरिंग, चाके आणि स्प्रिंगा यांना धरून ठेवणारा बोल्ट थकलेला असेल तर तो बदललाच पाहिजे. इतिहासासाठी कोणाचा जीव धोक्यात घालण्याची गरज नाही. प्रश्न बदलण्याचा नाही. बदलले ते सांगण्याचा आहे. नवा बोल्ट नवा म्हणून बसवावा, जुना चिठ्ठी लावून जपावा. तालीक करताना ‘ही तालीक आहे’ असे लिहिण्याने कोणाचीही प्रतिष्ठा कमी झालेली नाही.

१५/
हा केवळ पुस्तकी आग्रहही नव्हे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेली ट्यूरिन सनद वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या वाटेने जाते. जतन आणि जीर्णोद्धार यांत ती फरक करते, झालेल्या कामाची नोंद ठेवायला सांगते आणि बदललेले भाग ओळखता यावेत अशी अपेक्षा धरते. दगडी इमारतींना लावलेला नियम लोखंडी वाहनांना लावायला जगातील वाहनप्रेमी तयार झाले. प्रदर्शनांतील टाळ्यांची दिशा मात्र अजून बदललेली नाही.

१६/
लहान भाग वाचायचा कसा? आधी डोके पाहावे : ठसा कोणाचा, अक्षराचे वळण कसे. मग आटे मोजावेत : इंची की मेट्रिक, जाड की बारीक. मग मुलामा : युद्धकाळातील कॅडमियमची वा फॉस्फेटची मंद करडी छटा आणि आजच्या जस्ताची चकाकी यांत फरक असतो. अमेरिकन युद्धकालीन जीपवर ‘८.८’ असा आकडा असलेला बोल्ट दिसला तर तो पुष्कळ नंतरचा. तो आकडा मेट्रिक बोल्टाच्या ताकदीचा आहे आणि ही गाडी इंची मापाची.

१७/
पण असे ठोकताळेही जपून वापरावेत. ब्रिटनमधील एमजी टीसी ही १९४५ नंतरची प्रसिद्ध स्पोर्ट्स कार. ब्रिटिश गाडी म्हणजे व्हिटवर्थ वा तत्सम इंची आटे, अशी समजूत. तिच्या इंजिनात मात्र बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थच्या पान्याला बसणारी! ठोकताळा लावणारा माणूस म्हणेल, ‘कोणीतरी नंतर बदलले.’ प्रत्यक्षात हीच तिची मूळ स्थिती आहे.

१८/
कारण असे. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलण्याऐवजी आटे तसेच ठेवले गेले आणि ब्रिटिश मेकॅनिकच्या हातातील पान्यांसाठी डोक्यांचे माप तेवढे ब्रिटिश केले. ती परंपरा एमजीच्या इंजिनापर्यंत पोहोचली. एका बोल्टात दोन देशांचा औद्योगिक इतिहास सामावलेला आहे. ‘विजोड’ म्हणून तो फेकणारा माणूस नेमका हाच इतिहास फेकतो.

१९/
ब्रिटिश गाड्यांत आणखी एक उपयोगी साक्षीदार भेटतो. लुकासच्या डायनॅमोवर, डिस्ट्रिब्युटरवर किंवा स्टार्टरवर पुष्कळदा महिना आणि वर्ष यांचे आकडे ठोकलेले असतात. गाडी मार्च १९५२ मध्ये जुळवली गेली असेल तर तिच्या डायनॅमोवर त्याआधीच्या काही महिन्यांतील आकडे अपेक्षित. त्यावर १९५६ दिसले तर डायनॅमो नंतर बदललेला. कागदावरच्या तारखेशी मजकुरातील व्यक्तींचा काळ ताडून पाहावा, तीच ही रीत.

२०/
सर्वांत मोठा पुरावा मात्र भागात नसतो. भाग जिथे सापडतो त्या जागेत असतो. उत्खननात थरातून काढलेले नाणे काळ सांगते, आणि तेच नाणे जुन्या बाजारात मिळाले तर फक्त नाणे उरते. बोल्टाचेही तसेच. तो आपल्या भोकात, आपल्या वॉशरसह, आपल्या गंजासह असेल तर तो साक्षीदार. छायाचित्र न काढता, चिठ्ठी न लावता डब्यात टाकला की त्याची साक्ष कायमची बुडाली, मग तो कितीही जपून ठेवलेला असो.

२१/
वॉशरखालचे वर्तुळ हे याचे उत्तम उदाहरण. बोल्ट सोडवला की त्याखाली रुपयाएवढी जागा उघडी होते, जिच्यापर्यंत नंतरचा ब्रश आणि ऊन सहसा पोहोचलेले नसते. गाडीचा सर्वांत जुना रंग तिथे टिकतो. बॉनेटवरचे थर हळुवार घासत गेले तर जुना लष्करी क्रमांकही उमटतो. अमेरिकन सैन्याच्या जीपचा क्रमांक २० ने सुरू होतो, तर ब्रिटिश सैन्याच्या जीपचा ‘एम’ या अक्षराने. सँडब्लास्टिंगचा फवारा मारला की दोन्ही काही मिनिटांत नाहीसे होतात, आणि त्यालाच ‘स्वच्छ पाया’ म्हणण्याची पद्धत आहे.

२२/
इथवर टीका झाली ती निष्काळजी माणसांवर. आता अतिदक्ष माणसांकडे वळावे लागेल, कारण नुकसान तेही कमी करत नाहीत. या शुद्धतावाद्यांना गाडीतला प्रत्येक भाग कारखान्याच्या दारातून ती बाहेर पडली त्या दिवसाचा हवा. त्यासाठी ते चार गाड्या फोडतात, चहूकडून ‘एफ’चे भाग गोळा करतात आणि पाचवी ‘परिपूर्ण’ गाडी उभी करतात. अशी गाडी १९४३ मध्ये अस्तित्वात नव्हती. ती आज प्रथमच जन्मलेली असते.

२३/
युद्धातील जीप कशी जगली ते पाहावे. ती मोडली, कर्मशाळेत गेली, दुसरे इंजिन घेऊन परतली. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने पॅरिसजवळच्या ला माल्तुर्ने येथील कर्मशाळेत जीप पूर्ण सुट्या करून पुन्हा जुळवल्या. तिथे विलिस कोणती आणि फोर्ड कोणती हा भेद कोणी पाळला नाही. पुढे फ्रान्समध्ये हॉचकिसने परवान्याने तशीच जीप बनवली. विलिसचा सांगाडा, फोर्डचे बोल्ट आणि हॉचकिसचे भाग असलेली फ्रेंच सैन्यातील गाडी ही भेसळ नव्हे. ते त्या गाडीचे चरित्र आहे.

२४/
भारतात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे असंख्य जीप या भूमीवर आल्या, आणि युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या अनेक गाड्या नागरी हातांत गेल्या. १९४० चे दशक सरता सरता महिंद्रने मुंबईत माझगावला आयात केलेल्या सुट्या भागांतून विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे नागरी मॉडेल भारतात दीर्घकाळ बनत राहिले. त्याच कुळातील असल्याने त्याचे कित्येक भाग युद्धकालीन जीपला बसत.

२५/
त्याच काळात आयातीचे दरवाजे मिटत गेले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना भारतात थांबण्यात अर्थ उरला नाही. शिवडी येथे १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. परदेशी सुटा भाग मिळणे दुरापास्त झाले. मग गाड्या चालल्या कशावर? चोर बाजारातल्या जुन्या भागांवर, महिंद्रच्या भागांवर आणि कोपऱ्यावरच्या लेथवाल्याने कातून दिलेल्या बुशांवर.

२६/
अशी एखादी जीप आज शुद्धतावाद्याच्या हाती पडली की काय होते? लेथवर कातलेला पितळी बुश ‘जुगाड’ म्हणून फेकला जातो. महिंद्रचा ठसा असलेला भाग ‘देशी’ म्हणून काढला जातो. त्यांच्या जागी परदेशातून मागवलेला, जुना ठसा मारलेला नवा भाग बसतो. गाडीच्या आयुष्यातील लष्करी वर्षे दोन-तीन असतील आणि भारतीय रस्त्यांवरची तीस-चाळीस. या जीर्णोद्धाराने तिचे बहुतांश आयुष्य पुसले जाते आणि त्याला अस्सलपणा म्हटले जाते.

२७/
तो पितळी बुश नीट पाहिला तर त्यात परवाना-पर्वाचा अर्थव्यवहार दिसतो. टंचाई दिसते. पुस्तक, आराखडा किंवा मूळ नमुना धड हाती नसताना झिजलेल्या भागावरून माप काढणाऱ्या कारागिराचे कौशल्य दिसते. त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. त्याने केलेल्या कामाचा एवढाच पुरावा उरलेला आहे. राजेरजवाड्यांपलीकडचा, सामान्य माणसांचा इतिहास हवा असे म्हणायचे आणि तो हातात आला की भंगारात टाकायचा, हा विरोधाभास आहे.

२८/
म्हणून ‘ओरिजिनल’ या शब्दाची फोड करावी लागते. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचा भाग, हा एक अर्थ. या गाडीच्या प्रत्यक्ष आयुष्यात तिला लागलेला भाग, हा दुसरा. त्याच जातीचा पण दुसऱ्या गाडीतून आणलेला जुना भाग, हा तिसरा. आज बनवलेला हुबेहूब भाग, हा चौथा. पहिले दोन या गाडीचे अस्सल. तिसरा दुसऱ्याच्या दप्तरातून आणून चिकटवलेला कागद. चौथा तालीक, आणि न सांगता बसवला तर बनावट. बाजार मात्र चारही अर्थांना एकच शब्द वापरतो आणि त्यावर किंमत लावतो.

२९/
कायद्याकडून इथे फार मदत होत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद आली : पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी वा चारचाकी, नोंदणीक्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिची नजर तीन मोठ्या गोष्टींवर आहे, आणि आरटीओने बोल्ट मोजत बसावे अशी अपेक्षाही नाही. लहान भागांची राखण करणारा दुसरा कोणी नाही. मालक आणि मेकॅनिक एवढेच आहेत.

३०/
आक्षेप पहिला : ‘गाडी मालकाची. तो हवे ते करील.’ बरोबर. ती जांभळी रंगवण्याचाही त्याला अधिकार आहे. परंतु ‘ही १९४३ ची अस्सल फोर्ड आहे’ हे विधान मालमत्तेबद्दलचे नसून भूतकाळाबद्दलचे आहे, आणि भूतकाळ कोणाच्या आरसी बुकात नोंदलेला नसतो. गाडी मालकाची असली तरी तिच्याबद्दलच्या दाव्याला पुरावा द्यावाच लागतो.

३१/
आक्षेप दुसरा : ‘सहा लाखांवर जीप बनल्या. एकीचे बोल्ट गेले तर काय बिघडले?’ मोडी कागदांबद्दलही हेच म्हटले गेले. ते इतके होते की रद्दीच्या भावाने गेले, भट्टीत गेले, पुड्या बांधायला गेले. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले, तेव्हा त्या ढिगाची किंमत उमगली. विपुलता हे संरक्षण नसते. उलट, जे विपुल असते तेच सर्वांत बेफिकिरीने संपवले जाते.

३२/
आक्षेप तिसरा : ‘एवढी नोंद ठेवायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा?’ पैसा जवळजवळ लागत नाही. भाग सोडवण्यापूर्वी एक छायाचित्र. काढल्यावर डोक्याचे आणि आट्यांचे एक छायाचित्र. पिशवी, आणि पिशवीत जागेचे नाव लिहिलेली चिठ्ठी. नव्या भागावर बारीकशी खूण. सर्व बदलांची एक वही, आणि गाडी विकली तर वही गाडीबरोबर. दोन-तीन लाखांचा रंग परवडणाऱ्याला दोनशे पानी वही परवडते.

३३/
मेकॅनिकला यात सामील करून घेणे सर्वांत महत्त्वाचे. सोडवलेले भाग गोणीत जातात ते त्याच्या दुष्टाव्यामुळे नव्हे; ते ठेवायला त्याला कोणी सांगितलेलेच नसते. उलट एखाद्या जुन्या उस्तादाला विचारले, तर कोणता भाग कोणत्या गाडीचा, कुठे बदललेला, कोणत्या काळात काय मिळत नव्हते, हे तो केवळ हाताने चाचपून सांगतो. ही माहिती कोणत्याही छापील यादीत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती टिपून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही.

३४/
पुढच्या वेळी ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असा फलक दिसला तर तीन प्रश्न विचारावेत. काढलेले भाग कुठे आहेत? काय बदलले त्याची वही आहे का? हा बोल्ट याच भोकात सापडला, की विकत आणला? मालकाकडे उत्तरे असतील तर गाडी कितीही मिश्र असो, मनापासून दाद द्यावी. उत्तरे नसतील तर रंग सुंदर आहे असे म्हणावे, आणि ते खरेही असेल. अस्सलपणाची दाद मात्र त्या गोणीबरोबर भंगारात गेली, हेही तिथेच सांगावे.

(धागा समाप्त)